‘पहिली अभिनेत्री’ या बिरुदापलीकडे : कमलाबाई गोखले यांची कारकीर्द

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कमलाबाई गोखले (१९००-१९९७) यांचा उल्लेख पडद्यावरील पहिल्या स्त्री कलावंतांपैकी एक म्हणून केला जातो. हा उल्लेख यथार्थ आहे. परंतु बहुतेक ग्रंथांत तो एका वाक्यात आटोपतो आणि त्यांच्या प्रदीर्घ व्यावसायिक जीवनाचा विचार मागे पडतो. प्रस्तुत लेखात हा चित्रपट आणि त्यांचे रंगभूमीवरील आयुष्य यांचा परस्परसंबंध पाहावयाचा आहे.

या कथेचा एक धागा आपल्या मावळ परिसरात सापडतो. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईहून मळवली येथे आला. तेथे छापलेल्या देवदेवतांच्या रंगीत तसबिरी घरोघरी पोहोचल्या. धुंडिराज गोविंद फाळके यांनी या छापखान्यासाठी काम केले व पुढे लोणावळ्यात स्वतःचा मुद्रणव्यवसाय मांडला. पौराणिक स्त्रीरूप सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे कसे उभे करावे, हे ते चित्रपटाकडे वळण्यापूर्वीच पाहत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र चित्राला मॉडेल मिळते, चित्रपटाला स्त्री मिळेना. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी फाळके यांनी बराच शोध घेतला. गणिकांनीही नकार दिला. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला मोहिनी. येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. मोहिनी म्हणजे स्त्रीवेष धारण केलेला विष्णू. पुरुषाने स्त्री होण्याची ही कथा तत्कालीन स्त्रीपार्टी नटाला अगदी साजेशी होती. नेमकी तीच भूमिका एका खऱ्या मुलीने केली!

दुर्गाबाईंनी हा निर्णय कलेच्या ध्यासापोटी घेतला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पतीपासून विभक्त झालेल्या, लहान मुलगी पदरी असलेल्या ब्राह्मण स्त्रीपुढे त्या काळी धुणीभांडी वा स्वयंपाकपाणी याखेरीज फारसे मार्ग नव्हते. त्यांनी फिरत्या नाटक मंडळीचा मार्ग पत्करला व समाजाचा रोष ओढवून घेतला. कमलाबाई चौथ्या-पाचव्या वर्षीच रंगमंचावर आल्या. फाळक्यांचा कॅमेरा त्यांच्यापुढे आला तेव्हा त्या सुमारे तेरा वर्षांच्या, पण मुरलेल्या कलावंत होत्या.

संगीत नाटकात स्त्रीपार्टी नटाचा मायाभास मुख्यतः गायनावर उभा असे. बालगंधर्वांचे उदाहरण पुरेसे आहे. मूकपटाने तो आधारच काढून घेतला; उरले ते मुद्रा आणि देहबोली. या दृष्टीने पडद्यावर स्त्रीचे आगमन अपरिहार्य वाटते. तथापि प्रत्यक्षात वाट एकदम मोकळी झाली नाही. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात दुर्गा खोटे यांनी तारामती साकारली, तोवर जवळजवळ दोन दशके लोटली होती.

कमलाबाईंचे चरितार्थाचे साधन मात्र नाटकच राहिले. चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्या प्रमुख अभिनेत्री होत्या. त्याच मंडळीतील रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कमलाबाई पंचविशीच्या आसपास असताना पती निवर्तले. मुलांचा भार आला, तेव्हाही त्यांनी रंगभूमी सोडली नाही. प्रसंगी पुरुषभूमिकाही केल्या. मोहिनीच्या कथेचा हा उलट प्रत्यय म्हणावा लागेल. पुढे त्यांनी चित्रपटांतही कामे केली. ‘गहराई’ (१९८०) या हिंदी चित्रपटात त्या दिसल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र, लालजी आणि सूर्यकांत हे दोघे तबलावादक, तर विक्रम गोखले हे नातू. आईने जे क्षेत्र निरुपायाने स्वीकारले, तेच दोन पिढ्यांत प्रतिष्ठेचे झाले.

‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहावयास मिळत नाही. रीना मोहन यांनी १९९० च्या दशकारंभी ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला. त्यात नव्वदीच्या उंबरठ्यावरील कमलाबाई जुन्या आठवणी सांगतात आणि नाटकांतील प्रवेश साभिनय म्हणून दाखवितात.