चांदा आणि चंद्रपूर

चंद्रपूरचे नाव इंग्रजी अमदानीत चांदा होते. 1964 च्या सुमारास ते सरकारदरबारी चंद्रपूर झाले. 1982 मध्ये या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाला कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका असलेला ससा दिसला आणि तिथे त्याने नगर वसवले, अशी दंतकथा आहे. तिचा धागा दोन्ही नावांतल्या चंद्राशी जुळतो.

जुने नाव मात्र पुसले गेले नाही. गोंदियाकडून येणारी गाडी आजही ‘चांदा फोर्ट’ अशी पिवळी पाटी असलेल्या स्थानकात थांबते. दिल्ली-चेन्नई मार्गावरचे स्थानक तेवढे ‘चंद्रपूर’. रेल्वेने अशी जुनी नावे या मुलखात प्रेमाने जपावीत तशी जपली आहेत. गाव भद्रावती, स्थानक भांदक. गाव देसाईगंज, स्थानक वडसा. गाव बल्लारपूर, स्थानक बल्लारशाह. नवख्या प्रवाशाने तिकीट काढताना ही जोडनावे ठाऊक ठेवलेली बरी.

चांद्याचा सर्वांत मोठा मुक्काम भाषेत आहे. ‘चांदा ते बांदा’ म्हणजे अवघा महाराष्ट्र: एक टोक विदर्भाच्या जंगलात, दुसरे गोव्याच्या वेशीवर, सिंधुदुर्गातल्या बांद्याला. इथे ‘चंद्रपूर ते बांदा’ म्हणून पाहावे. यमक तुटते आणि वाक्प्रचारही.