त्या खिंडीत आधीच कुणीतरी बसलेलं असतं

एल्कच्या मागावर : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण परवाना खिशात पडेपर्यंत येऊन थांबलो होतो. आता रानात शिरायचं, आणि शिरताना पहिल्यांदा भेटतात ती माणसं.

माझा पहिला हंगाम कोलोरॅडोच्या वायव्येला, मीकर गावाच्या पलीकडे, फ्लॅट टॉप्सच्या पायथ्याशी गेला. बंदुकीचा दुसरा हंगाम, ऑक्टोबरअखेर. डेन्व्हरहून आदल्या दिवशी निघालो, ट्रकमध्येच झोपलो आणि पहाटे चारला जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याला लागलो. उन्हाळाभर नकाशावर बोट फिरवून दोन घळींच्या माथ्यावरची एक खिंड हेरून ठेवली होती. रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. ही जागा मलाच सापडली आहे अशी माझी खात्री होती. पायवाटेच्या तोंडाशी पोचलो तर अकरा पिकअप ट्रक उभे, त्यांतल्या दोहोंना घोड्यांचे ट्रेलर जोडलेले. आणि वर धारेवर कपाळावरच्या दिव्यांची रांग सरकत होती, शिवजयंतीच्या पहाटे मशाली घेऊन गड चढावा तशी.

मला राग आला. हा राग खरा असतो आणि जवळजवळ प्रत्येकाला येतो. महिनोन्‌महिने मनात जपलेल्या जागेवर कुणी आपल्या आधी पोचलं की काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटतं. पण जमीन माझी नव्हती. म्हणजे जेवढी माझी तेवढीच त्या दिवेवाल्यांची. कोलोरॅडोची सुमारे ३६ टक्के जमीन केंद्र सरकारची, म्हणजे लोकांची आहे. तिथे जागा राखून ठेवता येत नाही, रुमाल टाकता येत नाही. जो आधी पोचेल त्याने बसावं.

इतकी माणसं येतात कुठून, ते आधी पाहू. अमेरिकेतला एल्कचा सर्वांत मोठा साठा कोलोरॅडोत आहे, पावणेतीन-तीन लाखांच्या घरातला. (मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी : एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. काश्मीरचा हंगुल त्याचा जवळचा भाऊबंद. भरल्या अंगाचा नर तीनशे किलोंच्या आसपास जातो.) बंदुकीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामात राज्याच्या मोठ्या भागासाठी नराचा परवाना सोडतीशिवाय, थेट खिडकीवर मिळत आला आहे, आणि त्याला संख्येची मर्यादा नाही. सोडतीत नंबर लागावा म्हणून वीस-वीस वर्षं गुण साठवत बसण्याची ज्यांची तयारी नाही, ते सगळे इकडे येतात. सप्टेंबरमधल्या धनुष्यबाणाच्या हंगामातही हीच गर्दी व्हायला लागली, तेव्हा २०२५पासून डोंगराळ पश्चिम भागात परराज्यातल्या धनुर्धाऱ्यांसाठी ती खिडकी बंद झाली. सगळ्या हंगामांची सरासरी काढली तरी पाचातला एखादाच एल्क घेऊन घरी जातो. उरलेले चार काय करतात, तर चालतात. आणि त्यांच्या चालण्याने रान बदलतं.

हे बदलणं मला त्या पहिल्याच सकाळी दिसलं, फक्त तेव्हा कळलं नाही. आठच्या सुमारास ऊन उताराला लागलं. पहाटेची गार हवा डोंगरावरून खाली वाहत असते. ऊन पडलं की ती तापते आणि उलटी वर चढायला लागते. त्या क्षणी घळीत बसलेल्या सगळ्यांचा वास एकदम वर गेला. दहा मिनिटांत साठेक एल्क एका ओळीने झाडीतून बाहेर पडले, धावपळ नाही, गोंधळ नाही, आणि समोरचा माळ ओलांडून तारेच्या कुंपणापलीकडे गेले. पलीकडे खासगी कुरण होतं. तिथे पोचल्यावर त्यांनी माना खाली घातल्या आणि चरायला लागले. मी दिवसभर दुर्बिणीतून त्यांच्याकडे पाहत होतो.

याच परिसरातल्या, व्हाइट रिव्हर कळपातल्या एल्कना रेडिओपट्टे बांधून झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं : सुरुवातीचे हंगाम उघडले की जनावरं सरकारी जमिनीवरून खासगी जमिनीकडे सरकतात. ओरेगॉनमध्ये ला ग्रँड गावाजवळ स्टार्की नावाचं प्रायोगिक वन आहे. सुमारे २५,००० एकर, भोवती आठ फूट उंच जाळी, आत मोकळे हिंडणारे एल्क. तिथल्या अभ्यासकांनी बंदूक बाजूला ठेवून नुसती माणसं सोडून पाहिली. कधी चारचाकी मोटारगाड्यांवर, कधी सायकलवर, कधी पायी, कधी घोड्यावर. एल्क चारही प्रकारच्या माणसांपासून दूर सरकले. मोटारगाड्यांपासून सर्वांत जास्त. माणूस पायवाटेवर सुखाने चालत असतो आणि आपण कुणाला उठवलं याचा त्याला पत्ताही नसतो, कारण जनावर त्याच्या नजरेच्या टप्प्यात येण्याआधीच निघून गेलेलं असतं.

माझे शेजारी तेव्हा सत्तरीचे होते. निवृत्त सुतार, गाठीशी चाळीस हंगाम. मी हात हलवत परत आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि नकाशा पसरला. मी एल्कचं सांगायला लागलो तर म्हणाले, “एल्क कुठे दिसले ते नंतर सांग. आधी ट्रक कुठे कुठे उभे होते ते सांग.” मी आठवून आठवून सांगितलं. त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक ट्रकसाठी एक ठिपका काढला, ठिपक्यापासून माणसं चालत जातील त्या वाटा काढल्या, पहाटेचा वारा आणि उन्हानंतरचा वारा बाणांनी दाखवला. सगळं काढून झाल्यावर नकाशावर दोन-तीन कोरे तुकडे उरले. “आता जनावर कुठे असेल?” त्यांनी विचारलं.

मी या खेळाबद्दल जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या टेबलाशी. गर्दी हा शिकारीत आलेला व्यत्यय आहे असं समजून मी तिच्यावर चिडत होतो. ते तिला डोंगर, पाणी, वारा यांच्याच रांगेत बसवत होते. वाऱ्यावर कुणी चिडत नाही. तो कुठून येतो ते पाहून आपण बसायची जागा बदलतो. आपल्याकडे जुन्या शिकारीत हाकारे लागत. ढोल-डबे वाजवत रान उठवायचं आणि मचाणावरचा शिकारी वाट पाहत बसायचा. कोलोरॅडोच्या सरकारी रानात हाका रोज सकाळी आपोआप होतो. हाकाऱ्यांना ठाऊक नसतं इतकंच. ते कुठून निघणार आणि जनावराला कुठे ढकलणार हे ओळखलं, की त्या पळवाटेवर आधीच जाऊन बसता येतं.

मग नकाशा वेगळा दिसायला लागतो. एल्कला दडायला फार मोठं रान लागत नाही. मोंटानातल्या वनाधिकाऱ्यांनी १९९१मध्ये एक ठोकताळा मांडला होता : वाहता रस्ता किमान अर्धा मैल दूर असेल आणि अडीचशे एकरांची दाट झाडी सलग असेल, तर हंगामात एल्क तिथे तग धरतात. अडीचशे एकर म्हणजे एक चौरस किलोमीटर. उत्तरेकडे तोंड केलेला, स्प्रूस आणि फरच्या गच्च झाडीचा, आडवी पडलेली खोडं ओलांडून चालताना माणसाचा जीव नकोसा होणारा उतार. अशा तुकड्याकडे लोक पाठ फिरवतात, कारण तिथून दूरवरचं काही दिसत नाही. एल्कला तेच हवं असतं.

“आत जा, अजून आत जा” हा सल्ला पूर्वी सोन्यासारखा होता. बहुतेक लोक रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटरच्या आतच घुटमळायचे. २००९मध्ये मोंटानात ‘ऑनएक्स’ ही नकाशे पुरवणारी कंपनी सुरू झाली. आज प्रत्येकाच्या फोनवर जमिनीची हद्द, मालकाचं नाव, उपग्रहातून टिपलेलं कुरण, सगळं दिसतं. परिणाम असा, की सहा किलोमीटर आतल्या सुंदर तळ्याकाठी चार तंबू भेटतात, आणि रस्त्यावरून डोळ्यांना दिसणाऱ्या, पण वर चढायला त्रासदायक अशा कडेच्या घळीत कुणी नसतं. मी माझे दोन एल्क रस्त्यापासून किलोमीटरभरातच मारले आहेत. हे आत जाणाऱ्यांना हिणवण्यासाठी लिहीत नाही. आत जाण्याचा आनंद वेगळा आहे, आणि सगळे आत गेले म्हणूनच ती घळ मला मोकळी मिळाली.

वेळेचंही तसंच. हंगाम शनिवारी उघडतो. रविवारी संध्याकाळपासून ट्रक खाली उतरायला लागतात, बुधवारी निम्म्याहून कमी उरतात. नऊ दिवसांच्या हंगामात रजा घ्यायचीच तर मी आता मंगळवार ते शुक्रवार घेतो. दिवसातही दहा-साडेदहाला थंडीने आणि भुकेने माणसं उठतात आणि तळाकडे परततात. हा दुसरा हाका. त्या वेळी डबा सोबत असावा आणि बूड जागेवर असावं.

सप्टेंबरमध्ये धनुष्यबाण घेऊन जाणाऱ्यांची अडचण निराळी. तो माजाचा काळ. नर लांब, चिरत जाणारी शीळ घालतो आणि शिकारी तशीच नळी फुंकून त्याला बोलावतो. गर्दीच्या रानात अर्ध्या शिळा माणसांच्या असतात. दोन शिकारी तासभर एकमेकांना साद घालत, दबकत जवळ आले आणि शेवटी झुडपाआडून टोप्या दिसल्या, असं घडतं. खरे नर अशा ठिकाणी मुके होतात. त्यांना नळी ओळखता येते. मग गप्प बसणंच उपयोगी. मादीची हलकी म्याँवसारखी साद, तीही क्वचित.

इथे एका गोष्टीवर मला ठासून बोलायचं आहे. समोर काय हललं ते बंदुकीवरच्या स्कोपमधून पाहू नये. कधीच नाही. त्यासाठी गळ्यात दुर्बीण असते. स्कोपमधून पाहणं म्हणजे नळी तिकडे रोखणं, आणि तिकडे माणूस असू शकतो. बंदुकीच्या हंगामात कोलोरॅडोत पाचशे चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर आणि डोक्यावर घालणं कायद्याने सक्तीचं आहे. एल्कला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे त्यात तोटा काही नाही.

गर्दीला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा दोष शिकाऱ्यांकडे जात नाही. पश्चिमेत रेल्वे कंपन्यांना बुद्धिबळाच्या पटासारख्या एक सोडून एक चौकटी वाटल्या गेल्या. काळ्या चौकटी खासगी, पांढऱ्या सरकारी. दोन पांढऱ्या चौकटी फक्त कोपऱ्यात भेटतात, आणि तो कोपरा ओलांडणं हे अतिक्रमण मानलं जाई. अशी सुमारे ८३ लाख एकर लोकांची जमीन लोकांनाच बंद होती. २०२१मध्ये वायोमिंगच्या एल्क माउंटनवर चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी लावली आणि खासगी मातीला पाय न लावता पलीकडे उतरले. खटले झाले. मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १८८५च्या जुन्या कायद्याच्या आधारे शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या न्यायालयाच्या कक्षेत कोलोरॅडो आणि वायोमिंग दोन्ही येतात. जितकी कुलपं निघतील तितकी माणसं पांगतील. माझ्या मते गर्दीवरचा खरा उतारा हाच आहे, आणि परवाने कमी करणं हा त्यानंतरचा.

कारण परवानेच या जनावरांना पोसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते. वायोमिंगहून कळप आणून सोडावे लागले. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका आणि काडतुसांवरचा कर आणि परवान्यांचं शुल्क यांवर राज्यांची वन्यजीव खाती उभी आहेत. परराज्यातला माणूस एका एल्कच्या परवान्याला आठशे डॉलरच्या आसपास मोजतो. पायवाटेच्या तोंडाशी उभ्या त्या अकरा ट्रकांतल्या माणसांनीही ते मोजले होते.

म्हणून काही रीती पाळल्या जातात. ट्रक उभा असेल तर पुढच्या घळीकडे जावं. त्यासाठी आदल्या रात्रीच दुसरी, तिसरी, चौथी जागा ठरवून ठेवावी. माणूस भेटला तर थांबून विचारावं, “तुम्ही कुठल्या बाजूला निघालात?” बहुतेक जण खरं सांगतात. कुणी बसलेलं दिसलं तर त्याच्या समोरून न जाता मागून, वाऱ्याखालून निघून जावं. मुद्दाम कुणाची शिकार उधळणं हा सगळ्या राज्यांत गुन्हा आहे, पण चांगली माणसं कायद्याच्या पुष्कळ अलीकडेच थांबतात.

मागच्या हंगामात पाचव्या दिवशी, बुधवारी, मी त्या पहिल्या वर्षीच्या खिंडीकडे पुन्हा निघालो. पायवाटेशी ट्रक नव्हता. अंधारात तास-सव्वातास चढलो. वर पोचलो तर खडकाच्या आडोशाला दोन नारिंगी टोप्या. एक वडील आणि त्यांची तेराएक वर्षांची मुलगी. दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने, माझ्याही आधी येऊन बसलेले. मुलीच्या मांडीवर बंदूक होती आणि थंडीने तिचे दात वाजत होते. वडील उठून उभे राहिले, म्हणाले, “जागा मोठी आहे, त्या टोकाला बसलात तरी चालेल.” मी नको म्हटलं, खालच्या उत्तर उतारावरच्या झाडीत जातो असं हाताने दाखवलं आणि वळसा घालून उतरलो.

झाडीच्या पायथ्याशी बसलो तेव्हा उजाडलं होतं. सव्वानऊला ऊन उतारावर आलं आणि मानेवर वाऱ्याचा हात लागला. वारा फिरला होता. माझा वास वर, झाडीत चालला होता. जागा बदलायला उठणार तोच वर काटक्या मोडल्या, जड अंगांच्या. कळप उठला होता आणि माझ्यापासून दूर, चढावर निघाला होता. मी जागेवरच थांबलो. आठ-दहा मिनिटांनी खिंडीतून एकच बार ऐकू आला.

मी बंदूक रिकामी केली, पाठीवरची सॅक आवळली आणि वर चढायला लागलो. मादी होती, भरलेली. मुलगी तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती आणि काही बोलत नव्हती. वडील सुरी काढत होते. मागच्या दोन तंगड्यांपैकी एक माझ्या सॅकला बांधली, आणि आम्ही तिघं त्यांच्या बाजूच्या रस्त्याकडे उतरलो.

(पुढच्या भागात : एल्कचं मांस डोंगरावरून खाली कसं येतं)