खिशात मावणारा रेडिओ, मुलांच्या हातचा

छत्तीसगडमधील भिलाई म्हटले की पोलाद आठवते. येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. नोकरीसाठी देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि बिघडलेला रेडिओ उघडून पाहता येई. आज गाणी मोबाइलवर ऐकू येतात, पण आत काय चालते हे मुलाला कसे दाखवणार? म्हणूनच या सुट्टीत त्याला एक छोटा एफएम रेडिओ करू द्या.

साहित्य काय लागेल?

लहरी पकडायला बीएफ 494 हा ट्रान्झिस्टर, आवाज वाढवायला दोन बीसी 548, थोडे रेझिस्टर व कपॅसिटर, 22 पिकोफॅरडचा ट्रिमर, इयरफोन आणि 9 व्होल्टची बॅटरी. कॉइल घरीच करायची. इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे पेन्सिलीवर पाच वेढे घ्या, ते 8 मिलिमीटर लांबीत पसरवा आणि पेन्सिल काढून घ्या. सुमारे 20 पिकोफॅरडच्या जोडीने ही कॉइल 96 मेगाहर्ट्झच्या आसपास जुळते. आपला एफएम पट्टा 88 ते 108 मेगाहर्ट्झचा. वेढे किंचित विलग केले की वरच्या आकड्याची स्टेशने लागतात, जवळ आणले की खालची. एरियलला 75 सेंटिमीटर तार पुरे.

चालतो कसा?

ही युक्ती अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांची, 1922 सालची. ट्रान्झिस्टर स्वतःच कंप पावू लागतो आणि सेकंदाला हजारो वेळा थांबून पुन्हा सुरू होतो. त्यामुळे अगदी क्षीण लहरही कितीतरी पटींनी वाढते. स्टेशन नसेल तेव्हा कानात नुसती खरखर येते. स्टेशन लागले की ती विरते. सूर नेमक्या जागेपेक्षा किंचित बाजूला जुळवावा लागतो, म्हणून एकच स्टेशन शेजारशेजारच्या दोन जागी ऐकू येते. तो बिघाड नव्हे.

एवढे सांभाळा

सोल्डरिंग करताना मोठ्यांनी जवळ बसावे. कढता सोल्डरिंग आयर्न ट्रान्झिस्टरच्या पायाला दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये. कॉइल आणि ट्रिमरच्या जोडण्या शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. घरातली वीज या रेडिओला कधीही जोडू नये, बॅटरीच वापरावी. आणखी एक गोष्ट: असा रेडिओ स्वतःही थोड्या लहरी सोडतो आणि शेजाऱ्यांच्या रेडिओत खरखर होऊ शकते. एरियल आणि या ट्रान्झिस्टरच्या मध्ये आणखी एक ट्रान्झिस्टर बसवला की हा त्रास बराच कमी होतो.

भिलाईपासून रायपूर सुमारे 30 किलोमीटर. तिथले स्टेशन खोलीत लागले नाही, तर खिडकीशी किंवा गच्चीवर जाऊन पाहा.

पहिल्या खेपेला रेडिओ बहुधा मुकाच राहील. लगेच दुकानातून नवा आणून देऊ नका. बीएफ 494 आणि बीसी 548 यांच्या पायांचा क्रम वेगळा असतो. चूक अनेकदा तिथेच असते. ती मुलाला शोधू द्या. स्वतः शोधलेली चूक तो जन्मभर विसरणार नाही, आणि घरातली पुढची बिघडलेली वस्तू फेकण्याआधी उघडून पाहील.