झांग शान : २०० पैकी २००, आणि पुढच्या ऑलिम्पिकला जागाच नाही



खेळाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलांच्या आणि मुलींच्या स्पर्धा वेगवेगळ्या का?" धावणं, गोळाफेक असेल तर उत्तर देता येतं. पण ज्या खेळात ताकदीपेक्षा नजर आणि अचूक क्षण साधणं महत्त्वाचं, तिथे काय सांगायचं? तिथे मी चीनच्या झांग शानची गोष्ट सांगतो.

आधी तिचा खेळ समजून घेऊ. नेमबाजी म्हटलं की आपल्याला अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आठवतात. त्यांची रायफल किंवा पिस्तूल, आणि लक्ष्य समोर ठरलेल्या अंतरावर. झांग शानचा प्रकार वेगळा, त्याला स्कीट म्हणतात. यात छर्‍याची बंदूक असते आणि लक्ष्य म्हणजे हवेतून उडणारी, साधारण ११ सेंटीमीटर व्यासाची बशी. (इंग्रजीत तिला 'मातीचं कबुतर' म्हणत असले तरी हल्ली ती डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी यांची करतात. कबुतराचं नाव उरलं, कारण पूर्वी खरोखरच जिवंत कबुतरं सोडत असत!) मैदानाच्या डाव्या टोकाला एक उंच खोली, उजव्या टोकाला एक ठेंगणी. दोन्हींतून बश्या सुटतात, कधी एकेक, कधी दोन्हीकडून एकदम. खेळाडूने आठ जागांवरून त्या फोडायच्या. एका फेरीत २५ बश्या. ऑलिम्पिकच्या नियमात बंदूक आधीच खांद्याला लावून ठेवता येत नाही. दस्ता कमरेजवळ धरायचा, बशी दिसली की वर घ्यायचा. आणि "सोडा" म्हटल्यावर बशी लगेच सुटेल की तीन सेकंदांत केव्हाही, ते माहीत नसतं.

वर्गात हे सांगताना मी लगोरी आठवायला सांगतो. पळणाऱ्या गड्याला चेंडू मारायचा तर तो आत्ता जिथे आहे तिथे मारून उपयोग नाही, तो पोचणार असेल तिथे मारावा लागतो. स्कीटमध्ये नेमकं हेच. बशीच्या किती पुढे नेम धरायचा हे जागेनुसार बदलतं. आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत ठरवायचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी वेग-अंतर शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावं.

आता गोष्ट. झांग शान सिचुआन प्रांतातली, जन्म १९६८चा. योगायोग असा, की स्कीट ऑलिम्पिकमध्ये आलं तेही १९६८ सालीच, आणि तेव्हा त्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. एकच मैदान, एकच गुणतालिका. १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला ती उतरली तेव्हा २४ वर्षांची होती. अंतिम फेरीपर्यंतच्या २०० बश्यांपैकी तिने २०० फोडल्या. एकही सुटली नाही! अंतिम फेरीत २५ पैकी २३, म्हणजे एकूण २२५ पैकी २२३. रौप्यविजेता पेरूचा हुआन गिहा आणि कांस्यविजेता इटलीचा ब्रुनो रोसेट्टी, दोघांचेही २२२. ऑलिम्पिक नेमबाजीतल्या मिश्र स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली स्त्री. पदक देताना त्या दोघांनी तिला उचलून धरलं. तो फोटो मिळवून मुलांना दाखवाच. हरलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

पुढचं ऑलिम्पिक अटलांटाचं, १९९६चं. तिथे स्कीट फक्त पुरुषांसाठी होतं. मिश्र स्पर्धा बंद झाली आणि महिलांचं वेगळं स्कीट ठेवलंच नाही. महिलांना उडत्या बश्यांचा एकच प्रकार मिळाला, डबल ट्रॅप. तो अमेरिकेच्या किम ऱ्होडने अवघ्या १७व्या वर्षी जिंकला, पण तो वेगळा खेळ. स्कीटच्या विजेतीला आपलं पद राखायला मैदानच नव्हतं.

इथे मुलं लगेच म्हणतात, "पुरुष हरले म्हणून बंदी घातली!" आपल्यालाही तसं म्हणायचा मोह होतो. जालावर ही गोष्ट तशीच फिरते. मी मात्र वर्गात थांबतो. आधी हे घडलं, नंतर ते घडलं, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं ठरत नाही. जे पक्कं आहे तेवढंच फळ्यावर लिहू या : १९९२ला स्त्री जिंकली, १९९६ला त्या खेळात स्त्रियांना जागा नव्हती. अन्याय दाखवायला एवढं पुरेसं आहे. कोणाच्या मनात काय होतं ते आपण रचून सांगायची गरज नाही.

महिलांचं स्कीट आलं ते २०००च्या सिडनीत. मधे आठ वर्षं गेली. झांग शान ३२ वर्षांची झाली होती, तरी ती उतरली आणि आठवी आली. सुवर्ण अझरबैजानच्या झेमफिरा मेफ्ताहेत्दिनोव्हाला मिळालं. मला विचाराल तर तिचं हे आठवं स्थानही २००पैकी २००इतकंच मुलांना सांगण्यासारखं आहे.

स्त्री-पुरुष पुन्हा एकत्र आले ते २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये. पण एकमेकांविरुद्ध नाही, तर एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी. आपले महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं कांस्यपदक चीनच्या जोडीपुढे एका गुणाने हुकलं, ४३-४४. सुवर्ण जिंकलं इटलीच्या डायना बाकोसी आणि गाब्रिएले रोसेट्टी यांनी. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? बार्सिलोनात झांग शानला उचलून धरणाऱ्या ब्रुनो रोसेट्टीचा हा मुलगा.