न पाहिलेलं पान

मानखुर्दहून हार्बरची लोकल धरून सीएसएमटीला उतरलं, की धोबीतलाव चालत गाठता येतो. गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची मुंबईतली सामायिक वसतिस्थानं, याच भागात होते. १८६५ पासूनचं फुर्तादोस हे वाद्यांचं आणि नोटेशनच्या पुस्तकांचं दुकानही इथलंच. पियानो शिकणाऱ्यांची तक्रार मात्र मुंबईभर एकच: बसवलेली गाणी झकास वाजतात, नवं पान समोर आलं की बोटं अडखळतात.

समोर आलेलं नोटेशन पहिल्याच नजरेत वाजवणं म्हणजे साइट रीडिंग. ही उपजत देणगी आहे, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गेल्या शतकातल्या मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंतला, गोव्याहून आलेल्या वादकांचा अनुभव वेगळा आहे.

गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना आधी सोल्फेजो शिकवत. हाताने ताल धरायचा, कागदावरचे स्वर नावानिशी गायचे; व्हायोलिन नंतर. शिकवणारा मेस्त्री कडक असे. चर्चमध्ये सणासुदीला गायचं-वाजवायचं असल्याने ही विद्या वहीत पडून राहत नसे. पेटी शिकणाऱ्या आपल्या मुलांचं मात्र सगळं कानावर चालतं. भातखंडे-पलुस्करांच्या स्वरलिप्या आहेत, पण त्या बंदिश जपण्यासाठी. त्या बघून मैफल करायची, असं कुणी म्हणणार नाही.

१९२७ मध्ये माजोर्ड्यात जन्मलेले अँथनी गोन्साल्विस गोव्याच्या त्या मुशीतले. वडील तिथल्या चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. १९४३ मध्ये अँथनी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या अँथनीला गोन्साल्विस हे आडनाव मिळालं, ते या शिष्याच्या कृतज्ञतेमुळे.

स्टुडिओत गोवेकरांना मागणी का होती, हे तिथल्या कामाच्या रीतीतच दिसतं. संगीतकार चाल गाऊन दाखवी. शंकर-जयकिशन यांच्याकडच्या सबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिही. ते कागद स्टँडवर लागत, रिहर्सल होई आणि गायकासह सगळा ताफा एकत्र टेक देई. एकाची चूक झाली, तरी सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागे. पाठ करायला सवड नसे. उद्या दुसरं गाणं, दुसरे कागद. म्हणजे रोजीरोटीच रोजचा रियाज करून घेत होती! सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग आलं, तशी ही रीत मोडत गेली.

अशा वाचनात नजर कुठे असते, हे तपासायला जॉन स्लोबोडा या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये वादक वाजवत असतानाच समोरचं पान नजरेआड करून पाहिलं, तेव्हा तरबेज वादकांची नजर बोटांपुढे सुमारे सात स्वरांपर्यंत गेलेली आढळली. पियानोवर तर दोन हातांच्या दोन ओळी एकदम वाचायच्या. ही नजर तेच पान घोटून येत नाही. रोज सोपं, पण नवं पान लागतं. लय न सोडता, चुकलेला स्वर मागे टाकून पुढे जावं लागतं. पंधरा मिनिटं पुरतात, पण वर्षानुवर्षं.

परीक्षांचं गणित मात्र वेगळं. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन बसवलेल्या रचनांना आहेत. साइट रीडिंगला २१, आणि पान न्याहाळायला अर्धं मिनिट. वर्षभर तीनच रचना घोटल्या जातात, यात मुलांचा दोष नाही. २०२० पासून त्याच मंडळाने सुरू केलेल्या परफॉर्मन्स ग्रेड्समध्ये तर साइट रीडिंगची चाचणीच नाही.