एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजी शब्द पाठ करितांना आपण वहीच्या डाव्या बाजूस शब्द व उजव्या बाजूस त्याचा एक मराठी अर्थ लिहितों, आणि शब्द आला असें समजतों. ही रीत सोपी खरी. परंतु तिच्यावर सर्वस्वी विसंबणारास केव्हां ना केव्हां ठेंच लागल्यावांचून राहत नाहीं. कारण एकाच शब्दाच्या पोटीं दोन, तीन, कधीं कधीं परस्परविरुद्धही अर्थ असतात. असे कांहीं शब्द आपल्या जिल्ह्याच्याच आधारानें पाहूं.

पहिला शब्द 'टँक'. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांवर येथील भातशेती पिढ्यान्‌पिढ्या पोसली. इंग्रजी अमदानींतील गॅझेटिअरांत या तलावांस 'टँक' असेंच म्हटलें आहे. आजचा विद्यार्थी तें वाचील, तर भाताच्या बांधीशेजारीं रणगाडे कोठून आले, असा त्यास प्रश्न पडावयाचा! वस्तुतः या शब्दाचा जुना अर्थ पाण्याचाच. इंग्रजी कोशकार त्याचें मूळ गुजराती व मराठी 'टांकें' या शब्दांत दाखवितात. पोर्तुगीज भाषेंतील तशाच एका शब्दाचाही त्यास हातभार लागला असें मानितात. किल्ल्यांवर खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस हें नातें सहज पटेल. पुढें पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं एक चिलखती वाहन गुप्तपणें तयार केलें. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून त्यास 'टँक', म्हणजे पाण्याची टांकी, असें फसवें नांव दिलें. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या लढाईंत तें प्रथम रणांत उतरलें. गुपित फुटलें, नांव मात्र कायम राहिलें.

दुसरा शब्द 'माइन'. 'हें पुस्तक माझें' यांतील 'माझें' म्हणजे 'माइन', आणि तुमसर तालुक्यांतील चिखला किंवा डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजची खाण म्हणजेही 'माइन'. या दोहोंचें रक्ताचें नातें नाहीं. पहिला शब्द इंग्रजीच्या घरचा, दुसरा फ्रेंच भाषेंतून आलेला पाहुणा. उच्चार तेवढा जुळला. परंतु 'माइन' म्हणजे सुरुंग, हा तिसरा अर्थ मात्र खाणीचाच वंशज आहे. पूर्वीं वेढा घालणारे सैनिक तटाखालीं खणीत जात व तेथें दारू भरून तट उडवीत. खणण्याचें नांव स्फोटास मिळालें. आपल्या 'सुरुंग' शब्दासही भुयार व स्फोट असे दोन्ही अर्थ आहेत, हें ध्यानांत घ्यावें.

तिसरा शब्द 'बँक'. वैनगंगेचा कांठ 'बँक', आणि पैसे ठेवण्याची पेढीही 'बँक'. इटलींतील सराफ ज्या बांकावर नाणीं मांडून बसत, त्या बांकावरून पेढीस हें नांव पडलें. आपण वर्गांत ज्यावर बसतों तो 'बांक' पोर्तुगीजांकडून आला; म्हणजे तो त्या पेढीचा सख्खा भाऊच! नदीचा कांठ हा अर्थ इंग्रजींत निराळ्या वाटेनें, उत्तरेकडील लोकांच्या भाषेंतून आला.

येथवर चूक झाली तर फार तर वर्गांत हशा पिकेल. पण कांहीं शब्दांची चूक महागांत पडते. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी. आणि 'सँक्शन' म्हणजेच एखाद्या देशावर घातलेला निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, व्याज आणि हितसंबंध. घरीं कर्जाचा किंवा जमिनीचा इंग्रजी कागद येतो, तेव्हां वडील मंडळी शिकत्या मुलाच्याच हातीं तो देतात. त्या वेळीं पाठ केलेला एकच अर्थ सांगून मोकळें होणें म्हणजे घरच्यांस खड्ड्यांत लोटणें होय.

मग उपाय काय? शब्द एकटा पाठ करूं नये. वाक्यासह लिहून ठेवावा. अर्थ शेजारच्या शब्दांस विचारावा: होडी, पूर, वाळू हे शब्द जवळ असतील तर 'बँक' नदीची; खातें, व्याज, हुंडी असतील तर पैशाची. कोश उघडल्यावर पहिल्याच अर्थावर थांबूं नये. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. तो चाळला असतां आपल्याही एकेका शब्दापुढें किती अर्थ मांडले आहेत तें दिसतें. 'कर' हाच शब्द घ्या ना! हात, किरण, सरकारी सारा, आणि 'अभ्यास कर' ही आज्ञा, हे सारे अर्थ आपण न गोंधळतां समजतों. कां? तर मराठी आपण यादींतून नव्हे, बोलण्यांतून शिकलों. इंग्रजीही वाचनांतून शिकावी. आणि कागदावरील अर्थाविषयीं शंका आली, तर 'थांबा, विचारून सांगतों' असें म्हणण्यास विद्यार्थ्यानें लाजूं नये. तें अज्ञान नव्हे; तीच खरी विद्या.