पुलावरून शेवटी उतरलेला

१७ सप्टेंबर १९४४. हॉलंडमधल्या आर्नहेम शहरात अंधार पडला होता. ऱ्हाईन नदीवरच्या पुलाचं उत्तरेकडचं टोक ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांच्या हाती आलं होतं, दक्षिणेकडचं अजून जर्मनांकडे होतं. ते घ्यायला एक प्लॅटून पुलावर चढली. पुढे लेफ्टनंट जॅक ग्रेबर्न, वय २६. समोरून वीस मिलिमीटरच्या दोन तोफा आणि एका चिलखती गाडीवरच्या मशीनगन धडधडू लागल्या. पुलावर आडोसा असा नव्हताच. जवळजवळ लगेचच ग्रेबर्नच्या खांद्यातून गोळी गेली. तरी तो पुढे सरकत राहिला. माणसं पडू लागली, तेव्हा माघारीचा हुकूम आला. त्याने आपल्या माणसांना मागे धाडलं आणि बांधावरून सगळ्यांच्या शेवटी स्वतः उतरला.

हा मुलगा कराचीचा. बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा बेटावर ३० जानेवारी १९१८ रोजी तो जन्मला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीच्या एका जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे, इतका तो मुलूख आपल्या जवळचा. पुढे ग्रेबर्न डॉर्सेटमधल्या शेरबोर्न शाळेत शिकला, चिल्टर्न क्लबकडून रग्बी खेळला आणि हाँगकाँग अँड शांघाय बँकेत नोकरीला लागला. त्याचे काका व्हँडेलर ग्रेबर्न हाँगकाँगमध्ये त्याच बँकेचे मुख्य व्यवस्थापक होते. जपान्यांनी त्यांना तुरुंगात डांबलं आणि ऑगस्ट १९४३मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. पुतण्या तोवर फौजेत होता. घरी बायको होती, लहान मुलगा होता.

या लढाईमागचा ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचा बेत धाडसी होता. हॉलंडमधले पूल विमानातून उतरलेल्या फौजांनी धरायचे आणि त्यावरून रणगाड्यांनी थेट ऱ्हाईनपार जायचं. आर्नहेम हे शेवटचं टोक. पण सैनिकांना पुलापासून तेरा किलोमीटर लांब उतरवलं. कागदावर दहा हजारांची डिव्हिजन होती, पुलाशी पोहोचले सातशेच्या आसपास. दोन दिवस तग धरा, मग रणगाडे येतील, असं त्यांना सांगितलेलं. ही चूक वरच्यांची होती. तिची किंमत खालच्यांनी मोजली, आणि आजही तो हिशेब वाचताना जीव तुटतो.

ग्रेबर्नचा कंपनी कमांडर डिग्बी टेथम-वॉर्टर गोळीबारातही हातात साधी पावसाळी छत्री घेऊन फिरत असे. परवलीचे शब्द लक्षात राहत नाहीत, छत्री पाहून तरी आपली माणसं ओळखतील, असा त्याचा विचार होता.

पुलाजवळचं एक मोक्याचं घर ग्रेबर्नच्या प्लॅटूनने दोन दिवस राखलं. १९ तारखेला संध्याकाळी शत्रूने ते पेटवलं, तेव्हा ते सोडावं लागलं. मग उरल्यासुरल्या माणसांची त्याने पुन्हा मोट बांधली. जर्मन पुलाखाली सुरुंग लावू लागले. ग्रेबर्न एक तुकडी घेऊन त्यांच्यावर गेला, त्यांना हुसकून लावलं आणि फ्यूज काढायला वेळ मिळवून दिला. या झटापटीत त्याच्या पाठीला जखम झाली. खांदा आधीच गेलेला, पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. तरी तो मागे जायला तयार झाला नाही.

२० तारखेला एक रणगाडा अगदी अंगावर आला. त्याच्याशी लढायला यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. ग्रेबर्न उठला, रणगाड्याला सरळ दिसेल असा उभा राहिला आणि आपल्या माणसांची माघार स्वतः हाताळू लागला. हल्ल्यात पुढे धावणारे बरेच असतात. या माणसाचं शौर्य मात्र माघारीच्या वेळी जास्त दिसतं. त्याच रात्री तो मारला गेला. त्याच संध्याकाळी, सतरा-अठरा किलोमीटरांवर नायमेखेनचा पूल दोस्तांनी जिंकला होता. रणगाडे तिथवर आले होते. आर्नहेमच्या पुलापर्यंत ते वेळेत पोहोचलेच नाहीत.

आर्नहेमच्या लढाईत ग्रेबर्नसह पाच जणांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांतला एकच, मेजर रॉबर्ट केन, जिवंत परतला. ग्रेबर्नला मरणोत्तर कॅप्टनची बढती मिळाली. त्याचा सन्मान २५ जानेवारी १९४५ रोजी जाहीर झाला. पाच दिवसांनी तो सत्तावीस वर्षांचा झाला असता.

तो पूल ऑक्टोबर १९४४मध्ये अमेरिकन विमानांनीच बॉम्ब टाकून पाडला. ग्रेबर्नचा मृतदेह मात्र १९४८पर्यंत सापडला नव्हता. आता ओस्टरबेकच्या दफनभूमीत, सतराशेहून अधिक सैनिकांच्या रांगांत, त्याचाही दगड आहे.